पानाखाली मावा नव्हता

निंदणाऱ्या बाईची पात मागे वळून पाहिली की दुर्गाबाईला ती बाई कळत असे. गवत मुळासकट निघालं आहे की वरचं वर खुडलं आहे, एवढंच पाहायचं. वरचं वर खुडणारीशी ती पुढे जन्मभर सरळ बोलत नसे. वलगावात अशा बायका पुष्कळ होत्या, त्यामुळे तिथे तिचं कोणाशी पटलं नाही. मग नवरा शेषराव बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर हमालीला लागला, दोघं अमरावतीला फ्रेझरपुऱ्यात राहायला आली, आणि तिथेही पटलं नाही. नळावर ती दिसली की बायका आपापल्या पाण्याच्या गुंड्या बाजूला ओढून घेत.

शेषराव म्हणे, "आमच्या घरी मिरचीचा खर्च नाई. हे नुसती बोलली का भाजीले फोडनी बसते."

पंचावन्न साली ती कॅम्पातल्या बापूसाहेब वकिलांच्या बंगल्यावर बागकामाला लागली. तोवरचं आयुष्य कापूस निंदण्यात आणि वेचण्यात गेलेलं. बागेतली झाडं तिला झाडं वाटतच नसत. ज्याला बोंड नाही, दाणा नाही, त्याला पाणी कशाला घालायचं, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. गुलाबाला ती 'काट्याचं' म्हणे आणि क्रोटनला 'रंगवेल'. पण काम चोख करी. तिच्या हाताखालून गेलेल्या वाफ्यात हराळीचा तुकडा सापडत नसे.

बंगल्याच्या मागच्या खिडकीत तिच्यासाठी कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असे. छप्पन साली ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्यानंतर तिनं तो कप कधी सुलटा केला नाही. चहा घरूनच पिऊन येऊ लागली. कप मात्र खिडकीतून कोणी हलवला नाही आणि तिनंही हलवा म्हटलं नाही.

विहिरीमागे कुंपणाला लागून एक पट्टी होती. नुसता लाल मुरूम. तरोट्याचं तण कुठेही उगवतं, ते तिथे उगवत नसे. दुर्गाबाईनं विचारलं तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "काय करायचं ते कर. निघेल ते तुझं."

मुरमात टिकास मारलं की टिकासच उडून वर येतं. जोर करणाऱ्याचा खांदा जातो आणि मुरूम तसाच राहतो. आदल्या संध्याकाळी पाणी सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पहारीनं आधी भेग पाडायची आणि मग टिकास. दुर्गाबाईनं बागेचं काम संपल्यावर रोज थोडी थोडी अशी ती पट्टी गुडघाभर खोल उकरली. निघालेला मुरूम फाटकाजवळच्या खड्ड्यांत नेऊन टाकला. मग उन्हाळ्यात वडाळी तलावाचं पाणी मागे हटलं तेव्हा गाळ आणायला लागली.

गाळ आणण्यालाही अक्कल लागते. ओला नेणारा अर्धं वजन पाण्याचं वाहतो. फार सुकलेला नेला तर वाटेत धूळ होऊन उडतो. ढेकूळ मुठीत दाबल्यावर फुटावं पण विरू नये, असा गाळ पाहून टोपल्यात घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत डोक्यावरून आणायचा. तीन उन्हाळे तिनं हे केलं. त्यात बंगल्यातल्या गाईचं शेण, उकिरड्याची राख, झाडलेला पाला मिसळला. चौथ्या हिवाळ्यात त्या पट्टीत भेदरं लागली. बंगल्यात त्यांना टमाटे म्हणत. सोवळ्याच्या स्वयंपाकात ती चालत नसत, म्हणून बंगल्यातल्या कोणाचा त्यांच्यावर डोळा नव्हता. भेदरं इतवारा बाजारात नेऊन विकावी लागतील एवढी येत. ती विकत नसे. घरी खाई, वाळवी, आणि जिच्याशी भांडण नाही अशा शेजारणीला देई. म्हणजे बहुतेक घरीच.

बापूसाहेबांचा मुलगा उद्धव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. साठ साली त्याचं लग्न झालं आणि अकोल्याची कुंदा सून म्हणून बंगल्यात आली. कॅम्पातल्या साहेबांच्या बायका पुण्या-मुंबईच्या. त्यांच्या लेखी अकोला म्हणजे कापसाचं गाव आणि तिथली मुलगी म्हणजे सरकीच्या पोत्यावर वाढलेली. महिला मंडळात कोणीतरी तिला हसत विचारलं, "तुमच्याकडे फुलं म्हणजे कपाशीचीच ना?" कुंदानं ते मनात ठेवलं. फेब्रुवारीत मंडळाचं फुलांचं प्रदर्शन भरत असे. त्यात पहिला नंबर काढायचाच, असं तिनं ठरवलं.

तिनं टपालानं पिटुनियाचं बी मागवलं. बी मातीच्या धुळीसारखं बारीक. ते राखेत मिसळून परातीत पेरलं, ओल्या फडक्यानं झाकलं. रोपं बोटभर झाल्यावर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे वाफे दुर्गाबाईकडून तयार करून घेतले आणि लावणी स्वतः केली.

"वीतभर अंतर ठेवा, वयनीबाई. उद्या दाटन," दुर्गाबाई म्हणाली.

"पुस्तकात टीचभर लिहिलंय."

"पुस्तकानं निंदन केलं का कधी?"

कुंदानं हातातलं रोप खाली ठेवलं. "हे बघ दुर्गाबाई, या वाफ्यांना तू फक्त पाणी घालायचं. झाडांना हात लावायचा नाही. तुझे ते कापसाचे हात."

दुर्गाबाईनं झारी उचलली. त्या दिवसापासून ती त्या वाफ्यांना हात न लावता पाणी घाली, आणि पाणी घालताना कोणालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटे, "प्या बाप्पा, प्या. कामाचे ना धामाचे."

पौषात वाफे फुलले. जांभळी, पांढरी, काठाला झालर असलेली फुलं. रस्त्यावरून जाणारे सायकल थांबवून पाहत. कुंदा सकाळ-संध्याकाळ पायऱ्यांवर बसू लागली. दुर्गाबाईला तेही खुपलं. तिच्या भेदऱ्यांजवळ कोणी सायकल थांबवली नव्हती.

एके सकाळी झारीचं तोंड पाल्यात अडकलं म्हणून तिनं हात घातला. मनगट पानाला चिकटलं. ओढलं तर कातडी ओढल्यासारखं वाटलं. तिनं वाकून पाहिलं. पानांवर, देठांवर, फुलाच्या खालच्या हिरव्या भागावर चिकट लेप होता आणि त्यात चिलटं मरून पडली होती. काही वाळून काळी झालेली, एक अजून पाय हलवत होतं.

दुर्गाबाईनं झारी खाली ठेवली.

वलगावला देवराव पाटलाच्या शेतात ती मुलगी असताना असंच झालं होतं. कपाशीची पानं चिकट लागायला लागली. बायका म्हणाल्या, पाटील, चिकटा हाय, कोपऱ्यातली झाडं उपटून शेताच्या धुऱ्यावर जाळा. पाटील म्हणाला, पाऊस आला की धुऊन जाईल. पाऊस आला नाही. पानाखालचा मावा वाऱ्यानं सगळीकडे गेला, चिकट पानांवर काजळी धरली, आणि फुटलेली बोंडं अशी काळी पडली की वेचणाऱ्या बायकांचे हात चुलीत घातल्यासारखे झाले. त्या वर्षी त्या शेतात वेचणीला बाई लागली नाही. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला झाडाचं पान चिकट लागलं की पुढचं सगळं दिसतं. दुसरा विचार येतच नाही.

ती तशीच मागच्या दाराशी गेली. "वयनीबाई, फुलझाडाईले चिकटा आला. आजच्या आज उपटा. नाई तं सारा बगीचा जाईन."

कुंदा केस विंचरत होती. "कोणाला काय आलं?"

"चिकटा. पानं चिकटून राहिले. किडे मरून राहिले त्याच्यात."

"तुझ्या कापसाचे रोग माझ्या फुलांना सांगू नकोस." कुंदानं कंगव्यातले केस काढून गुंडाळले. "प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलंय. आणि तुला पहिल्यापासून ती झाडं बघवत नाहीत, ते मला कळत नाही का?"

"मले झाडाचं काय? उद्या माह्या भेदऱ्यावर गेलं तं?"

"जाऊ दे की. टमाट्यांना कोण रडतंय?"

त्यानंतर आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात कुंदाच्या चुलतभावाचं अकोल्याला लग्न होतं. बापूसाहेबांसकट सगळं घर बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलं. बागेचं पाणी आणि गाईचा चारा दुर्गाबाईवर होता.

पहिल्या सकाळी तिनं पाणी घातलं आणि वाफ्याशी उकिडवी बसली. झाडं न्याहाळली. एक पान उलटं केलं. मावा नव्हता. दुसरं उलटं केलं, मग खालचं, मग दुसऱ्या वाफ्यातलं. कुठेच नव्हता. जिथे चिकटा तिथे मुंगळे चढतात, तेही नव्हते. पानं हिरवीगार होती, काजळीचा ठिपका नव्हता. हे सगळं तिनं पाहिलं. उजेड स्वच्छ होता आणि तिचे डोळे कापसातली बारीक कचरी टिपणारे होते.

मग ती विहिरीमागे जाऊन आपल्या पट्टीशी उभी राहिली. भेदरं लालीवर आली होती. काठीला बांधलेली झाडं फळांच्या भारानं वाकली होती. तीन उन्हाळ्यांचा गाळ तिच्या मानेत अजून दुखत होता. आज सोडलं आणि उद्या इकडे आलं तर?

ती परत पुढे आली तेव्हा पदर खोचलेला होता.

तिनं एकेक झाड बुडाशी धरून उपटलं. चोख उपटलं. मूळ तुटून राहू नये म्हणून आधी खुरप्यानं बाजूची माती सैल केली. हात कोपरापर्यंत चिकट झाले. फुलं पायाखाली आली ती आली. सगळी झाडं मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन वाळल्या पाल्यावर टाकली आणि काडी लावली. ओली झाडं नीट जळेनात, नुसता कडवट धूर निघाला. तिनं पुन्हा पाला घातला, पुन्हा फुंकलं, राख होईतो हलली नाही. मग दोन्ही वाफे खणून, सपाट करून, वर पाणी शिंपडलं. इतके नीट वाफे त्या बंगल्यात पूर्वी कधी झाले नव्हते.

अकोल्याहून मंडळी परतली ती उन्हं कलताना. टांग्यातून कुंदा आधी उतरली. पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. लग्नातली साडी होती, हातात फुलांची वेणी होती. ती खालच्या पायरीवर बसली. रडली नाही.

दुर्गाबाई फाटकाजवळ उभी होती. कोणी बोलवायच्या आत ती पुढे आली.

"उपटलीस?"

"उपटली."

"कोणाच्या हुकमानं?"

"रोगाले हुकूम लागते का?"

"चालती हो," कुंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्ताच्या आत्ता."

बापूसाहेबांनी काठीनं टांग्याचं पायदान ठोकलं. "सकाळी. सकाळी बघू. आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी मांजरालासुद्धा हाकलत नाही."

सकाळी पडवीत बापूसाहेब आरामखुर्चीत बसले. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दुर्गाबाई पायरीखाली. उद्धवनं पूर्वी कॉलेजात नेलेलं पिटुनियाचं एक झाड सकाळीच जाऊन कुंडीसकट परत आणलं होतं. खिशातून भिंग काढून त्यानं ते दुर्गाबाईपुढे धरलं.

"बघ. केस दिसतात? प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब आहे. तो चिकट थेंब झाडाचा स्वतःचा आहे. जन्मापासूनचा. रोग नाही."

दुर्गाबाईनं भिंगातून पाहिलं. थेंब होते. चिलट अडकलेलंही दिसलं, बैलाएवढं.

"कायले पायजे त्याले हे?"

"लहान किडे पान खायला येतात, ते अडकून मरतात. झाड वाचतं. चिखलदऱ्याला पठारावर पावसाळ्यानंतर एक इवलंसं लाल झाड असतं, दवबिंदू म्हणतात. ते किडा धरतं आणि चक्क पचवतं. हे तसं करतं की नाही, ते पक्कं नाही. थोडं करत असेल."

"म्हणजे खाते?"

"कदाचित."

"पोट कुठं हाय त्याले?"

"पोट नाही. पानातून रस शोषत असेल. किंवा मेलेला किडा सडून खाली पडतो, तो मुळांना मिळतो. नक्की कोणी सांगत नाही."

"पक्कं मालूम नाई तं पोट्ट्याईले शिकवता काय?"

बापूसाहेब खोकल्याच्या आड हसले. कुंदा हसली नाही. ती म्हणाली, "तिला दुसरं झाड दाखवा ना. तुम्ही मला काल रात्री सांगितलंत ते."

उद्धवला ते नको होतं, हे दिसत होतं. पण तो उठला. सगळे विहिरीमागे गेले. त्यानं भेदऱ्याच्या देठाशी भिंग धरलं आणि दुर्गाबाईला वाकायला सांगितलं. देठावर तसेच केस. केसांच्या टोकाला थेंब. दोन चिलटं आणि एक पंखाची मुंगी त्यात मेलेली.

"एकाच कुळातली झाडं आहेत," उद्धव हळू म्हणाला. "पिटुनिया, टमाटा, बटाटा, तंबाखू."

भेदरं बांधताना, खुडताना दुर्गाबाईची बोटं दरवर्षी हिरवी-काळी होत. ती त्याला भेदऱ्याचा मळ म्हणे आणि राखेनं हात घाशी. इतकी वर्षं तो मळ तिच्या हातावर होता आणि तो चिकट आहे, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. जे आपण लावलं, त्यात कोण रोग पाहतं?

"उपट," कुंदा म्हणाली. "चिकटा आहे ना? रोगाला हुकूम लागत नाही. उपट आणि जाळ."

दुर्गाबाई तशीच वाकून राहिली.

पडवीत परत आल्यावर बापूसाहेबांनी पाय खाली सोडले आणि कोर्टात बसतात तसे ताठ बसले. तेव्हा दुर्गाबाईला कळलं की हे आता पट्टीवर आलं आहे. कामाचं तिला फारसं वाटत नव्हतं. गिट्टी फोडायला कोणीही घेतं. पट्टी दुसरीकडे नव्हती.

"दुर्गे, तुमच्याकडे चिकटा कसा ओळखतात?"

"पान चिकट लागते."

"एवढंच?"

ती पायरीला लागलेली माती अंगठ्यानं काढू लागली.

"पानाखाली काही असतं का?"

"मावा असते."

"तू पानं उलटी करून पाहिलीस?"

"पायली."

"होता मावा?"

शेजारच्या बंगल्यात कोणी गालिचा झोडपत होतं. बापूसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि जरा पुढे झुकले. त्यांना तिला काढायचं नव्हतं. अशी बाई दुसरी मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. "पहाटेची वेळ असेल," ते म्हणाले. "धुकं असेल. दिसलं नसेल नीट. हो की नाही?"

एक हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पट्टी राहिली असती, भेदरं राहिली असती.

"ऊन पडेल होतं," दुर्गाबाई म्हणाली. "साफ दिसलं मले. मावा नव्हता."

कुंदा चौकटीपासून सरळ झाली. "ऐकलंत? माहीत होतं तिला. माहीत असून उपटली."

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "कामावर राहा," ते शेवटी म्हणाले. "पण विहिरीमागची पट्टी सूनबाईकडे. तिचं नुकसान झालंय, भरून निघालं पाहिजे. तिथली माती चांगली आहे, कुंड्या-वाफे काय करायचं ते ती करेल."

"मी नवे रोपं करून देतो वयनीबाईले. वाफे करतो. पुढच्या साली—"

"तुझ्या हातचं काही नको मला," कुंदा म्हणाली.

"बरं." दुर्गाबाईनं पदर सोडून परत खोचला. "जागा तुमची, वकीलसायेब. घ्या. माती माही हाय. ते मी नेतो."

"काय नेतेस?"

"माती."

बापूसाहेब हसले. "अगं, जमिनीत घातलं ते जमिनीचं झालं. कायदा आहे तो. उद्या खत परत मागशील!"

"खत झाडानं खाल्लं. माती कोनी खाल्ली नाई, ते जशीच्या तशी हाय. वडाळीहून माह्या डोक्यावर आली."

"मिसळली ती आता."

"कायची मिसळली? तुमची लाल, माही काळी. आंधळ्यालेबी समजन. लाल टोपलंभर गेली तं मले चोर म्हना अन् पोलिसात द्या."

बापूसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. नुकसान तिचं, पट्टीही आता तिची.

"नेऊ द्या," कुंदा म्हणाली. "मी उभी राहून बघते."

शेषरावानं वलगावहून चुलतभाऊ डोमाजीची बंडी मागून आणली. बैलांना बंगल्याच्या मागच्या गल्लीत उभं करून तो पट्टीशी आला आणि पाहतच राहिला. "लोकायच्या बायका माहेरून सोनं आनतात," तो म्हणाला. "माही चिखल आनते."

"बोलशीन नंतर. फावडं धर."

दुर्गाबाईनं आधी भेदरं खुडली, लाल आणि हिरवी, सगळी. फळावर आलेलं झाड हलवलं की मरतं. तिनं ती झाडं उपटली आणि कुंपणाशी रचली. कोणी पाहो न पाहो, मुळं झटकून माती पट्टीतच पाडली. मग शेषराव फावड्यानं भरू लागला आणि ती टोपली बंडीवर रिती करू लागली. कुंदा छत्री घेऊन विहिरीच्या कठड्याजवळ उभी राहिली. दुपारी घरातून जेवायला हाक आली तरी ती हलली नाही.

वरची माती भराभर गेली. खालची मुरमाला धरून बसली होती. तिथे फावडं चालेना. दुर्गाबाई खुरपं घेऊन बसली आणि मुरूम न उचलता काळी माती खरवडू लागली. हे काम फावड्याच्या दसपट. शेषराव म्हणाला, "सोड वो आता. मूठभर माती, काय व्हते?"

"तुले काय व्हते? तू आनली का?"

बंडी भरली, जाऊन रिती होऊन आली, पुन्हा भरली. उन्हं खाली आली तेव्हा पट्टीच्या जागी एक लाल खड्डा उरला होता, झाडून काढलेल्या ओसरीसारखा.

दुर्गाबाई उठली. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. ती टोपलं उचलणार तोच कुंदा म्हणाली, "तो कोपरा राहिला."

कुंपणाच्या खांबाच्या बुडाशी ओंजळभर काळी माती होती.

"राहू द्या," शेषराव म्हणाला. "तुमाले कुंडीले व्हईन, बाई."

"मला तिचं काही नको."

दुर्गाबाई परत बसली. खांबाच्या बुडातून बोटांनी माती काढली. नखांत गेली ती खुरप्याच्या टोकानं काढून टोपल्यात झटकली. मग टोपलं कुंदासमोर वाकडं करून धरलं. लाल खडा एकही नव्हता. कुंदानं टोपल्यात पाहिलं, खड्ड्यात पाहिलं आणि छत्री मिटून आत गेली. दुर्गाबाई त्या बंगल्यावर पुन्हा कामाला आली नाही, आणि खड्ड्यातला मुरूम फोडायला कुंदाला त्या वर्षी दुसरं माणूस मिळालं नाही. पुढच्या वर्षी तिनं कुंड्यांत पिटुनिया लावली आणि दुसरा नंबर काढला, असं दुर्गाबाईला नंतर कोणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मले कायले सांगून राहिले?"

वाटेत शेषराव बैलांच्या बाजूनं चालत होता, दुर्गाबाई चाकाशी. कॅम्पाचा रस्ता संपला तेव्हा तो म्हणाला, "एक सांग. मावा नव्हता, तं उपटली कावून?"

ती चालत राहिली. बंडीच्या फटीतून माती गळत नाही ना, हे पाहण्यासाठी तिनं एकदा वाकून पाहिलं.

"ते तिथं बसे रोज," ती म्हणाली. "पायरीवर. फुलं पायत. माह्या डोयात जाये ते."

"बस? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

शेषरावानं बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "मंग वकिलाले धुकं व्हतं म्हनाले काय झालतं?"

"धुकं नव्हतं ना पन," दुर्गाबाई म्हणाली, आणि याच्यापलीकडे त्या गोष्टीवर ती कोणाशी बोलली नाही.

फ्रेझरपुऱ्यात घरामागची जागा आधीच्या खेपेनंच भरली होती. दुसरी बंडी गल्लीतच रिती करावी लागली. मातीचा ढीग शेजारच्या जाईबाईच्या दारापर्यंत गेला. जाईबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"हे काय वो? मानसाईनं जावं कुठून?"

"वरून."

"वरून काय! माह्या दारात कावून टाकली? मी काय कबर बांधून राहिली?"

"उद्या उचलतो."

"उद्या कायले? आत्ता उचल. तुह्यासारखी बाई शेजारी देली देवानं—" जाईबाई थांबली. दीक्षेला पाच वर्षं झाली तरी तिच्या तोंडातून देव निघायचाच. "ज्यानं देली त्यानं देली. उचल!"

"उचलतो म्हनलं ना एकदा. कानात काय सरकी भरली?"

गल्लीतली माणसं दारांत आली. शेषराव बंडी वळवून परतीच्या वाटेला लागला. डोमाजीची बंडी परत द्यायला वलगाव गाठायचं होतं आणि हे भांडण लवकर मिटणारं नव्हतं. दुर्गाबाईनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि जाईबाईच्या उंबऱ्याकडून माती मागे ओढायला सुरुवात केली. तोंडानं ती जाईबाईला उत्तर देत होती, पण हात थांबला नव्हता, आणि ओढलेल्या जागी मागे मातीचा कण राहत नव्हता.